मोकळ्या जागेचं कुलूप



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग नात सुट्टीला आली, मग उन्हाळा सुरू झाला. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पण परवा सोसायटीची नोटीस हातात पडली आणि ठरवलं, आता लिहायचंच.

नोटीस नेहमीसारखीच होती. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' वगैरे. विषय एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय दोन, बोअरच्या मोटारीची दुरुस्ती. विषय तीन, सोसायटीच्या मोकळ्या जागेस कुंपण घालून गेट बसविणे व त्यास कायमस्वरूपी कुलूप लावणे. विषय चार, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. खाली ठळक अक्षरांत, 'चहापानाची सोय केली आहे'.

माझी गाडी विषय तीनवर अडली आहे. सभा येत्या रविवारी आहे. तिथे मला बोलायचं आहे, आणि सभेत बोलताना माझा घसा दाटून येतो, मुद्दे विसरतात. चाळीस-चाळीस मुलींच्या वर्गापुढे आयुष्य गेलं, पण सोसायटीच्या वीस सभासदांपुढे उभं राहिलं की पाय लटपटतात. म्हणून आधी इथे लिहून काढते. तुम्ही माझीच माणसं, चुकलं तर सांगालच.

पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या मंडळींसाठी आधी थोडं गावाबद्दल. मी राहते जुळे सोलापुरात. स्टेशनवरून सात रस्ता, तिथून होटगी रोडने आसरा चौक, मग रेल्वेवरचा पूल ओलांडला की आमचा भाग सुरू होतो. दुसऱ्या अंगाला विजापूर रोड. नावातच सगळं आलं, सोलापूरचं जुळं भावंड! आता जुळ्यांतलं एक आठ-नऊशे वर्षांचं आणि दुसरं चाळिशीच्या आसपासचं, हे कसलं जुळं, असं आमचे हे नेहमी म्हणायचे.

सोलापूरची महापालिका १९६४ साली झाली. पण तेव्हाचं शहर आटोपशीर होतं. १९९२ साली हद्दवाढ झाली आणि मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे, शेळगी, बाळे, देगाव अशी आजूबाजूची गावं शहरात आली. आज महापालिकेचं क्षेत्र १७८ चौरस किलोमीटरच्या वर आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेनऊ लाख होती. जुनी माणसं अजूनही आम्हाला 'हद्दवाढ भाग' म्हणतात. हे म्हणताना त्यांचा सूर असा असतो, की तुम्ही काय बाबा, सोलापुरात राहता की सोलापूरजवळ?

मला त्याचा राग येत नाही. एके काळी नवी पेठही नवीच असणार ना! आज ती शहरातली सगळ्यात गर्दीची बाजारपेठ, पण नाव अजून नवीच. तेव्हाचीही माणसं म्हणाली असतील, 'कुठं एवढ्या लांब राहायला गेलात?' गाव असंच वाढतं. कडेला वाढतं आणि कड हळूहळू मध्ये येते. प्रश्न एवढाच, की कडेचं गाव 'गाव' कधी होतं? घरं झाली की होतं? रस्ते झाले की होतं? मला वाटतं, तेवढ्याने होत नाही. माणसाला घरातून चालत बाहेर पडायला काही कारण मिळालं, आणि बाहेर पडल्यावर टेकायला जागा मिळाली, की होतं. विषय तीनबद्दल मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. पण ते नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आम्ही इथे १९९६ साली राहायला आलो. त्याआधी शुक्रवार पेठेत एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. वाड्यात अकरा बिऱ्हाडं, नळ एक, संडास दोन. हल्ली वाड्यांबद्दल फार गोड गोड लिहिलेलं वाचायला मिळतं. एकमेकांकडे वाटीभर साखर, दिवाळीचा फराळ, अंगणातली चांदण्यातली बैठक. सगळं खरं आहे. पण मला एक विचारायचं आहे. हे लिहिणारे बहुतेक पुरुष का असतात? पहाटे चारला नळाच्या रांगेत कोण उभं असायचं? संडासला जाताना टमरेल घेऊन अकरा बिऱ्हाडांच्या नजरेसमोरून कोण जायचं? मला शाळेतून यायला अर्धा तास उशीर झाला, तर मी कुठे होते हे सासूबाईंच्या आधी समोरच्या काकूंना हवं असायचं. ओसरीवर कोणी बसायचं आणि कोणी पायरीखालीच उभं राहायचं, हेही ठरलेलं होतं. ते कोणी ठरवलं होतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

म्हणून शिक्षकांच्या सोसायटीत प्लॉट मिळाला तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. स्वतःचा नळ! स्वतःचं दार! बांधकाम चालू असताना ह्यांनी पुढच्या बाजूला ओटा काढायचं म्हटलं, तर मी स्पष्ट नाही म्हणाले. म्हटलं, ओटा नको, कंपाउंड उंच करा. आजही आमची भिंत गल्लीत सगळ्यात उंच आहे. ती माझी करणी आहे, हे इथे कबूल करते.

पहिली वीस-बावीस वर्षं त्या भिंतीचा काही त्रास झाला नाही. सकाळी सव्वासहाला स्कूटरवर मागे बसून शाळेला जायचं, दुपारी यायचं, वह्या तपासायच्या, मुलांचे डबे, परीक्षा. २००८ साली निवृत्त झाले. मग हे होते. संध्याकाळी दोघं स्कूटरवरून धर्मवीर संभाजी तलावाकडे, म्हणजे जुन्या लोकांच्या कंबर तलावाकडे फिरायला जायचो. २०१८ साली हे गेले. स्कूटर मुलाने विकून टाकली. मला चालवता येत नाही. आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की बावीस वर्षं मी ह्या भागात राहते, पण ह्या भागात पायी फारशी कधी चाललेच नाही.

चालून बघायला लागले, तेव्हा कळलं का ते. रस्ते रुंद आहेत, पण गाड्यांसाठी. फुटपाथ आहे तिथे त्यावर डीपी आहे, झाडाची कुंडी आहे, नाहीतर कोणाची तरी कार आहे. आमचे पत्ते बघा. भाग एक, भाग दोन, प्लॉट नंबर अमुक. रिक्षावाल्याला सांगायचं तर अमक्या मंगल कार्यालयाच्या मागे नाहीतर डी-मार्टच्या अलीकडे. जुन्या गावात कसं, मधला मारुती, बाळीवेस, तुळजापूर वेस, पत्रा तालीम! नाव घेतलं की कोणीतरी माणूस, देव नाहीतर एखादी हकीकत डोळ्यांसमोर येते. आमच्याकडे दुकान येतं.

वाड्यात पाण्याने भांडणं लावली, पण बायकांना एकत्रही आणलं. इथे काय? सोलापुरात वर्षानुवर्षं तीन-चार दिवसांआड पाणी भरत आलो आम्ही. पाणी आलं की प्रत्येक घरात आपापला हौद, आपापली मोटार. गल्लीभर घुर्रर्र आवाज येतो आणि गल्लीत एक माणूस दिसत नाही. सिटी बस पूर्वी बऱ्यापैकी होती, पुढे फेऱ्या कमी होत गेल्या. मुलं शाळेच्या व्हॅनने जातात. भाजी दारात गाड्यावर येते, किराणा फोनवर. सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण ह्या सगळ्या सोयी घरातून बाहेर पडण्याचं एकेक कारण काढून घेतात.

आता ती मोकळी जागा. मोठ्या जमिनीचा लेआउट मंजूर करताना काही जागा सर्वांसाठी मोकळी सोडावी लागते, साधारण दहा टक्के. आमच्या सोसायटीतही ती आहे. दोन कडुलिंब, एक गुलमोहर, बाकी बाभळीची झुडपं. मोठ्या कडुलिंबाला कोणीतरी सिमेंटचा पार बांधला आहे. वर्षातून दोनदा, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला, आम्ही सभासद तिथे जमतो. बाकी दिवस तिथे आमच्यातलं कोणी जात नाही. मीही जात नव्हते.

गेल्या वर्षी मे महिन्यात मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या आणायला गेले. उशीर झाला होता, अकरा वाजून गेले होते. येताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी त्या पारापर्यंत गेले आणि बसले. तिथे चार-पाच बायका बसल्या होत्या. आमच्याच कॉलनीत धुणीभांडी करणाऱ्या. त्यातली एक माझ्याकडे पूर्वी कामाला होती. तिने ओळखलं. "बाई, काय झालं ओ? तोंड किती उतरलंय!" एकीने बाटलीतलं पाणी दिलं, दुसरीने पदराने वारा घातला, तिसरीने डब्यातला गूळ काढून दिला. अर्ध्या तासाने दोघी मला दारापर्यंत सोडून गेल्या. माझ्या उंच भिंतीच्या आत चक्कर आली असती, तर कोणाला कधी कळलं असतं, हा विचार त्या रात्री डोक्यातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले. विचारलं, "अगं, रोज बसता का गं इथं?" तर म्हणाली, "बसतो की बाई. सकाळची कामं अकराला सुटतात, दुपारची भांडी दोनला. मधी घरला जाऊन यायचं तर रिक्षाला पैसे कोण देतंय? उन्हात कुठं उभारायचं? हितं सावली हाय." इतकं साधं कारण! ज्या घरांमध्ये त्या सकाळ-दुपार राबतात, त्या एकाही घरात ते मधले तीन तास बसायला जागा नाही. माझ्याही घरात नव्हती. मी कधी विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा मी पारावर जाते. आता तिथे एक रिटायर्ड पोस्टमन येतात, आमच्यातल्याच दोन आजी येतात, गॅस सिलिंडरची गाडी लावून तो मुलगा डबा खातो. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी, सगळ्या भाषा चालतात. एवढ्या वर्षांत आमच्या सोसायटीत मला पहिल्यांदा शुक्रवार पेठेसारखं वाटलं. आणि गंमत म्हणजे तिथे मी कुठे गेले होते, हे कोणी विचारत नाही!

ह्याच जागेला आता कुलूप लावायचं आहे. कारण नोटिशीत नाही, पण व्हॉट्सअॅपवर आहे. 'बाहेरचे लोक बसतात.'

नात आर्किटेक्चर शिकते. तिला हे सगळं सांगितलं, तर तिने मला पॅट्रिक गेडिस नावाच्या माणसाबद्दल सांगितलं. हा मूळचा स्कॉटलंडचा. १८५४ चा जन्म. पर्थ गावाच्या कडेला, टेकडीवरच्या घरात वाढला, म्हणजे आमच्यासारखाच हद्दवाढवाला म्हणा की! १९१४ साली तो हिंदुस्थानात आला आणि पुढची काही वर्षं इथल्या कितीतरी गावांचे अहवाल लिहिले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचा तो पहिला प्राध्यापक. आपले डॉ. घुर्ये त्याचेच विद्यार्थी. त्या काळी साहेबी पद्धत अशी, की दाट वस्ती दिसली की सरळ रेघ मारून रुंद रस्ता काढायचा, मध्ये येईल ते पाडायचं. गेडिस म्हणायचा, आधी गाव पायी फिरा. पडकं तेवढं काढा, छोटे चौक मोकळे करा, झाडं लावा, तळी आणि विहिरी बुजवू नका. माणसं जिथे आपसूक जमतात ती जागा सांभाळा.

त्याची इंदूरची एक गोष्ट नातीने सांगितली, ती मला फार आवडली. होळकरांच्या इंदुरात तेव्हा प्लेगची भीती. गावात घाण, आणि लोकांना ह्या साहेबाचा संशय, की हा घरं पाडायला आलाय. तर ह्याने म्हणे महाराजांकडून एका दिवसाचं राजेपण मागून घेतलं आणि दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचं जाहीर केलं. अट एकच. मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या वाटेवरची घरं सगळ्यात जास्त झाडूनपुसून दुरुस्त केलेली असतील, त्या वाटेने जाणार! झालं, सगळं गाव झाडू घेऊन कामाला लागलं. मिरवणुकीत स्वच्छ कपडे घातलेले, फुलं ल्यालेले सफाई कामगारही मानाने चालले.

हे ऐकल्यावर मला आपली गड्ड्याची यात्रा आठवली. सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी आपली श्रद्धा. दर जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त त्या उंचच्या उंच काठ्या तोलून धरत ह्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. 'संमती कट्टा', काय सुंदर नाव आहे! लहानपणापासून ही मिरवणूक बघितली, पण ती देवाची मिरवणूक म्हणून. आता वाटतं, त्यात गावाचाही विचार आहे. वर्षातून एकदा सगळ्या गावाने आपलं गाव पायी फिरून बघायचं. कुठे रस्ता खचला, कोणाचं घर पडलं, कोण म्हातारं दारात बसलं नाही, सगळं त्या एका फेरीत कळतं.

नंदीध्वज आमच्या कॉलनीत येत नाहीत. येणारही नाहीत, वाट ठरलेली आहे आणि ती तशीच राहावी. पण म्हणून आमच्या भागाला आपली स्वतःची एक छोटी वाट, स्वतःचा एक कट्टा नको का? तो आपोआप झाला आहे. कोणी निधी मंजूर केला नाही, कोणी उद्घाटन केलं नाही. अकरा ते दोनच्या उन्हात ज्यांना जायला जागा नव्हती, त्यांनी तो केला. आणि आपण ठराव करून तो बंद करणार!

आणखी एक गोष्ट. सोलापूरच्या कडेला फक्त आमच्यासारख्यांच्याच कॉलन्या नाहीत. अक्कलकोट रोडला कुंभारी आहे. तिथे विडी कामगार बायकांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं दिली गेली. गोदूताई म्हणजे 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिणाऱ्या. तिथेच पुढे रे नगर झालं. तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिल्या. दोन्हींच्या मागे आडम मास्तरांची कित्येक वर्षांची खटपट. राजकारण काही असो, सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाचं घर मिळालं, ही लहान गोष्ट नाही. माझ्या वर्गात अशा घरांतल्या किती मुली होत्या! दप्तरात वह्यांबरोबर तेंदूची पानं असायची. घरी गेल्यावर आईला पानं कापून द्यायची, म्हणजे हजार विड्यांचा हिशेब वेळेत पुरा व्हायचा.

पारावरच्या एकीच्या बहिणीला रे नगरात घर मिळालं. वास्तुशांतीला मला आग्रहाने नेलं. घर छोटं, पण नीटनेटकं. दारावर तोरण, आत देव्हारा. बहिणीचा आनंद डोळ्यांत मावत नव्हता. मी विचारलं, "इथं करमतं का?" तर म्हणाली, "घर लई चांगलं हाय बाई. पण गाव लांब पडलं. कामाला जायला यायलाच वेळ जातो." मग बाहेर येऊन बघितलं, तर संध्याकाळी ओळीने प्रत्येक दाराच्या पायरीवर बाई बसलेली. कोणी तांदूळ निवडतेय, कोणी विड्या वळतेय, लेकरं मधे पळताहेत. नवी कोरी वसाहत, झाडं अजून गुडघ्याएवढी, पण पायऱ्यांवर बसून बसून त्या बायकांनी तिचं गाव करायला घेतलं होतं. मला माझी उंच भिंत आठवली.

आता दुसरी बाजू. मी शिक्षिका आहे, उत्तरपत्रिका एकतर्फी तपासत नाही. कुलूप मागणारे काही वाईट लोक नाहीत. माझ्या शेजारचे साहेब बँकेतून निवृत्त झाले, सज्जन माणूस. मी पडले तर पहिले धावून येतील. त्यांचं म्हणणं, रात्री तिथे पोरं दारू पितात, बाटल्या फोडतात. खरं आहे, मी स्वतः काचा उचलल्या आहेत. दुसऱ्या गल्लीत एका बाईचं मंगळसूत्र ओढून नेलं. हेही खरं आहे. प्लास्टिक पडतं, कुत्री येतात. आणि मोकळ्या जागेवर पत्र्याचं शेड टाकून कोणी ताबा मारला तर? ही भीतीही खोटी नाही. म्हणून कुंपण घाला, माझी हरकत नाही. गेटही बसवा.

पण कुलपाबद्दल माझे तीन प्रश्न आहेत. रात्री पिणारी पोरं दुपारी तिथे नसतात, मग त्यांची शिक्षा दुपारी बसणाऱ्या बायकांना का? मंगळसूत्र ओसाड गल्लीत गेलं. जिथे दिवसभर चार माणसं बसलेली असतात, तिथे गेलं नाही. मग माणसं हटवून आपण जास्त सुरक्षित होणार का कमी? आणि तिसरा, 'बाहेरचे' म्हणजे कोण? सकाळी सातला आपल्या स्वयंपाकघरात हक्काने आत येते ती बाई अकरा वाजता बाहेरची होते का?

हे लिहिताना हात जरा थांबतो, कारण एक कबुली अजून राहिली आहे. २०११ साली त्या झाडाखाली सिमेंटचा एक बाक होता. संध्याकाळी कॉलेजची मुलं-मुली बसायची, हसायची, खिदळायची. तेव्हा 'बाक काढून टाकावा' असा अर्ज झाला. खाली सह्या. त्यात माझी सही दुसरी आहे. ह्यांनी सही केली नाही. म्हणाले, "अगं, उद्या आपल्यालाच लागेल बसायला." मी म्हटलं, "आपलं घर नाही का बसायला?" बाक काढला. आज गुडघे दुखतात, पाराला टेकायला पाठ नाही, आणि रोज बसताना त्यांचं ते वाक्य ऐकू येतं. सोसायटीच्या फाइलीत तो अर्ज अजून असेल. रविवारी कोणी काढून माझ्यापुढे धरला, तर मी नाकारणार नाही. उलट मीच सांगणार आहे.

सभेत मांडायला चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. गेट पहाटे पाचला उघडावं, रात्री दहाला बंद करावं. एक दिवा लावावा. पाठ असलेले दोन बाक करावेत, त्यातल्या एकाचे पैसे मी देईन, ह्यांच्या नावाची पाटी मात्र नको. उन्हाळ्यात एक माठ ठेवावा, तो भरायचं काम माझं आणि त्या दोन आजींचं. आणि कचऱ्याचा डबा. एवढ्याने भागलं नाही, तर वर्षाने पुन्हा सभा घ्या.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, ह्या वयात कशाला भांडणात पडतेस? विकून टाकू घर, इकडे ये. आमच्या कॉम्प्लेक्सला सिक्युरिटी आहे, गार्डन आहे." त्याचं प्रेम मला कळतं. त्याच्या गार्डनमध्ये मी जाऊन आले आहे. फार छान आहे, कारंजं पण आहे. गेटवर पाटी आहे, 'घरकामगारांनी बाकांवर बसू नये'. ती वाचल्यावर मी पण बसले नाही.

ठराव पास होईल का, काय माहीत. बहुमत कुलपाच्या बाजूने दिसतंय. तीन-चार घरांत जाऊन बोलून आले. एका वहिनींनी दारातच चहा पाजला आणि म्हणाल्या, "बाई, तुमचं पटतंय, पण आमच्या ह्यांना विचारते." दुसऱ्या म्हणाल्या, "मी येते रविवारी." त्या आमच्या शाळेच्याच माजी विद्यार्थिनी, नववी 'ब'. म्हणजे निदान एक मत नक्की!

असो. फार लांबलं. माझ्या उंच भिंतीचं काय करायचं, तेही गवंड्याला विचारलं आहे. फाटकाशेजारी दोन माणसं बसतील एवढा ओटा निघतो म्हणाला.

तुमच्याकडे कसं आहे, जरूर लिहा. तुमच्या कॉलनीत अशी मोकळी जागा आहे का? तिला कुलूप आहे का? आणि असलं, तर किल्ली कोणाकडे असते?